प्रोटॉन उशिरा का सापडला?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. युनियनच्या कचेरीत रविवारी सकाळी आम्ही एक वाचनवर्ग चालवीत असू. कधी कामगार कायदा, कधी इतिहास, आणि आमची स्वतःची हौस म्हणून अधूनमधून पदार्थविज्ञान. एका रविवारी रेडियमची हकीकत सांगून झाल्यावर, लेथवर तीस वर्षे काढलेले एक टर्नर उठले आणि म्हणाले, "भाऊ, रेडियमच्या अणूतून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असा चौघांचा गठ्ठा बाहेर पडतो, असं तुम्ही सांगितलंत. मग एकटा प्रोटॉन का पडत नाही? दारातून चौघांपेक्षा एकट्याला निघणं सोपं नाही का?"

वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, कारण उत्तर आम्हांला ठाऊक नव्हते. "पुढच्या रविवारी सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. तो पुढचा रविवार उगवण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली. आमचे शाळेचे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही आहे ते पाळी संपल्यानंतरचे, ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांचे आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचलेल्या निबंधांचे. तेव्हा आजच्या या व्याख्यानात विद्वत्तेची अपेक्षा श्रोत्यांनी ठेवू नये. एका कामगाराच्या प्रश्नाचा माग काढीत आम्ही कोठकोठे गेलो, एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम त्या प्रश्नाला धरूनच हिशेब मांडू. अणूच्या मध्यभागी जो अणुगर्भ असतो त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले असतात. प्रोटॉनांवर धनभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. त्यांना एकत्र ठेवणारे बल त्याहून पुष्कळ जोरकस, पण त्याचा हात फार आखूड. शेजाऱ्याला धरण्यापुरताच तो पुरतो. न्यूट्रॉनावर विद्युत्‌भार नाही. त्यामुळे तो कोणालाही ढकलीत नाही, आणि धरण्याच्या कामी मात्र पुरा उपयोगी पडतो. जड मूलद्रव्यांत न्यूट्रॉनांची संख्या प्रोटॉनांहून बरीच अधिक असते ती यामुळेच.

आता रेडियम-२२६ घ्या. त्यातून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सुटे सुटे ओढून काढावयाचे, तर सुमारे २३.४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा पदरची खर्चावी लागते. परंतु हेच चौघे एकमेकांना घट्ट बिलगून अल्फा-कण बनले की २८.३ दशलक्ष परत मिळतात. वजाबाकी केली की ४.९ दशलक्षांचा नफा उरतो आणि तेवढी ऊर्जा घेऊन अल्फा-कण बाहेर धाव घेतो. एकटा प्रोटॉन निघाला तर त्याला बिलगावयास कोणी नाही, परत मिळणारे काही नाही, सारा तोटाच. म्हणून तो निघत नाही. साहेबाच्या खोलीत एकटा गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो आणि चौघांची समिती काही ना काही घेऊन येते, हे आमच्या वर्गाला निराळे समजावून सांगावे लागले नाही. पण उपमा येथेच थांबवली पाहिजे. अणुगर्भात संघटना नाही, केवळ हिशेब आहे, आणि तो हिशेब काही ठिकाणी उलटतो. जेथे न्यूट्रॉनांच्या मानाने प्रोटॉनांची गर्दी अतोनात वाढलेली असते, तेथे शेवटच्या प्रोटॉनाला धरून ठेवण्यास कोणीच पुरे पडत नाही. तेथे एकटा प्रोटॉनही नफ्यात बाहेर पडू शकतो. प्रत्येक मूलद्रव्याला अशी एक सीमा आहे. तिच्या पलीकडे अणुगर्भ गळका होतो.

तर मग असा गळका अणुगर्भ शास्त्रज्ञांच्या नजरेस केव्हा पडला? युरेनियमचे किरण बेकरेलने १८९६ मध्ये पाहिले. अल्फा आणि बीटा ही नावे रदरफोर्डने १८९९ मध्ये दिली. आणि अणुगर्भाच्या तळपातळीवरून स्वतःहून बाहेर पडणारा प्रोटॉन सापडला १९८१ मध्ये! सर्वांत साधा कण, हायड्रोजनचा गाभा, तो सर्वांत उशिरा. त्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत काय काय घडले हाच आजचा विषय आहे.

आमच्या टर्नरांचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच एकाच्या मनात येऊन गेला होता, हे वाचून आम्हांला मौज वाटली. मँचेस्टरला रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत अर्नेस्ट मार्सडेन हा तरुण अल्फा-कण हायड्रोजन वायूत सोडून त्यांचे परिणाम पाहत होता. झिंक सल्फाइडच्या पडद्यावर कण आदळला की बारीकशी ठिणगी चमकते; त्या ठिणग्या मोजावयाच्या. अपेक्षेपेक्षा दूरवर पोचणाऱ्या ठिणग्या त्याला दिसू लागल्या. हे हायड्रोजनचे गाभे किरणोत्सर्गी अणूंमधूनच स्वतःहून बाहेर पडत असावेत, असा संशय १९१५ मध्ये त्याने व्यक्त केला. त्याच वर्षी तो न्यूझीलंडला निघून गेला आणि पुढे युद्धात ओढला गेला. रदरफोर्डने ते काम हाती घेतले. पाणबुड्यांचा माग काढण्याच्या युद्धकामातून सवड मिळेल तशी तो मोजणी करी. १९१९ मध्ये त्याने निकाल जाहीर केला. अल्फा-कण नायट्रोजनच्या गाभ्यावर आदळून त्यातून हायड्रोजनचा गाभा उडवून देतो, असा तो निकाल होता. म्हणजे प्रोटॉन बाहेर पडत होता खरा, परंतु धक्का मारल्यामुळे. स्वतःहून नव्हे. 'प्रोटॉन' हे नाव पुढच्या वर्षी मिळाले. मार्सडेनचा संशय चुकीचा ठरला आणि तो प्रश्न बासनात गुंडाळला गेला.

येथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण या हकीकतीत एक माणूस आहे ज्याचे नाव शाळेच्या पुस्तकांत येत नाही. विल्यम के हा त्या प्रयोगशाळेचा कारभारी. उपकरणे मांडणे, दुरुस्त करणे, व्याख्यानातील प्रयोग दाखविणे हे त्याचे काम. युद्धामुळे तरुण मंडळी निघून गेली होती आणि रदरफोर्डजवळ ठिणग्या मोजावयास हाच उरला होता. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून आधी बराच वेळ काळोखात बसून राहावयाचे, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून थोडा वेळ मोजावयाचे. डोळा थकला की दुसऱ्याने बसावयाचे. रदरफोर्डने आपल्या निबंधात केचे आभार मानले आहेत, ही त्याच्या मोठेपणाची खूण म्हणावी लागेल. पण आभार निराळे आणि निबंधावर नाव निराळे, हे ज्यांनी कारखान्यात जॉब बनविले आहेत त्यांना सांगावयास नको.

यानंतरची मोठी पायरी कागदावरची आहे. अणुगर्भाभोवती विद्युत्‌बलाची एक उंच भिंत असते. बाहेरून आत येऊ पाहणाऱ्या कणाला ती अडविते, आतून बाहेर जाऊ पाहणाऱ्यालाही. आठ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून अधिक ऊर्जेचे अल्फा-कण युरेनियमच्या भिंतीपुढे हात टेकतात. आणि त्याच युरेनियममधून निघणारे अल्फा-कण जेमतेम ४.२ दशलक्षांचे! भिंत चढल्याशिवाय ते बाहेर आले कसे? १९२८ मध्ये जॉर्ज गॅमोने, आणि त्याच्यापासून स्वतंत्रपणे गर्नी व काँडन या दोघांनी, नव्या क्वांटम यामिकीच्या आधारे उत्तर दिले. कणाचे वर्तन लाटेसारखे असल्यामुळे तो भिंतीच्या वरून न जाता भिंतीतून पार होण्याची अल्पशी शक्यता नेहमीच असते. इंग्रजीत याला बोगद्याची उपमा दिली आहे. ज्यांनी बोरघाटातले बोगदे पाहिले आहेत त्यांनी मात्र हे ध्यानात ठेवावे की येथे कोणी सुरुंग लावीत नाही, खणीत नाही. बोगदा पूर्वीही नसतो आणि नंतरही नसतो. कण असंख्य वेळा भिंतीवर येऊन आपटतो आणि एखाद्या वेळी पलीकडे असतो. ऊर्जा थोडी वाढली की ही शक्यता थोडी वाढत नाही, ती पटींनी उसळते. पुढच्या साऱ्या कथेची किल्ली या एका गोष्टीत आहे.

कारण आता पाहा. प्रोटॉनाला बाहेर पडण्यात नफा आहे असा अणुगर्भ मिळाला, तरी दोन अडचणी उरतात. नफा फार मोठा असेल तर प्रोटॉन इतक्या तत्काळ निघून जातो की तो अणुगर्भ होता की नव्हता हेही म्हणता येत नाही. नफा फार लहान असेल तर भिंत पार होण्यास युगे लागतात, आणि तेवढ्यात दुसरीच वाट उघडते. ही दुसरी वाट १९३४ मध्ये पॅरिसला इरेन व फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांना सापडली. त्यांनी ॲल्युमिनियमवर अल्फा-कणांचा मारा करून १५ प्रोटॉन व १५ न्यूट्रॉन असलेला फॉस्फरस बनविला. निसर्गातल्या फॉस्फरसात न्यूट्रॉन १६ असतात. हा कमी न्यूट्रॉनांचा फॉस्फरस प्रोटॉन बाहेर टाकीत बसला नाही. त्याने आपला एक प्रोटॉन आतल्या आत न्यूट्रॉनात बदलला आणि पॉझिट्रॉन बाहेर फेकला. गर्दी कमी करण्याचा हा मार्ग जवळजवळ प्रत्येक प्रोटॉन-बहुल अणुगर्भाला मोकळा असतो, आणि सीमेजवळ तो सेकंदाच्या किंवा त्याच्या अंशाच्या आत उरकतो. म्हणजे प्रोटॉन-किरणोत्सर्ग दिसावयाचा तर नफा नेमका मधल्या अरुंद पट्ट्यात पडला पाहिजे. पॉझिट्रॉनच्या वाटेहून झपाट्याचा आणि तरीही मोजता येईल इतका सावकाश.

शिवाय पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्यही जवळपास तेवढेच, म्हणून ते आपल्यासाठी खाणीत शिल्लक राहिले. सेकंदाच्या अंशात मरणारे अणुगर्भ शिल्लक कसे राहणार? बेकरेलला टेबलाच्या खणात युरेनियमचा खडा ठेवता आला. येथे तशी सोय नाही. वस्तू आधी बनविली पाहिजे, आणि बनताक्षणी पकडली पाहिजे. आमच्या समजुतीप्रमाणे उशिराचे खरे कारण हे आहे. बुद्धी अपुरी पडली असे नव्हे. कारखाना तयार व्हावयाचा होता.

बुद्धी किती पुढे धावली होती याचा दाखला मॉस्कोचे वितालि गोल्डान्स्की यांचा. १९६० मध्ये त्यांनी न्यूट्रॉन-दरिद्री अणुगर्भांवर एक निबंध लिहिला. त्यांत एकेका प्रोटॉनाचा विचार तर आहेच, पण त्याहून चमत्कारिक अशी एक कल्पना आहे. अणुगर्भात प्रोटॉन जोडीजोडीने राहणे पसंत करतात. ज्या मूलद्रव्यात प्रोटॉनांची संख्या विषम, तेथे शेवटचा प्रोटॉन एकटा आणि सैल असतो. तो निघून जाईल. पण संख्या सम असेल तर शेवटचे दोघे जोडीने बांधलेले असतात. अशा ठिकाणी एकट्याला निघणे तोट्याचे, पण दोघांनी एकदम निघणे नफ्याचे, असे घडू शकेल. तसे झाले तर दोन प्रोटॉन एकाच क्षणी बाहेर पडतील. ही किरणोत्सर्गाची एक स्वतंत्र जात ठरेल. हे भाकीत केले तेव्हा गोल्डान्स्की सदतिशीच्या आसपास होते. पुढे ते मोठ्या संस्थेचे प्रमुख झाले, अण्वस्त्रविरोधी पग्वॉश चळवळीत रशियाच्या बाजूने वावरले. भाकीत मात्र निबंधातच राहिले.

१९६२-६३ च्या सुमारास रशियातील दुब्ना येथे आणि कॅनडात माँट्रियलला प्रोटॉन बाहेर पडताना दिसले. बातमी आनंदाची होती, पण बारकाईने पाहता हा तो प्रकार नव्हता. तेथे अणुगर्भ आधी पॉझिट्रॉन टाकतो, आणि मागे जो दुसरा अणुगर्भ खवळलेल्या स्थितीत उरतो तो लगेच प्रोटॉन फेकतो. प्रोटॉन येतो, पण घड्याळ पॉझिट्रॉनच्या वाटेचे. त्याला 'विलंबित प्रोटॉन' असे नाव पडले. मार्सडेनप्रमाणे येथेही फसगत होण्याचा संभव होता. या वेळी शास्त्रज्ञ फसले नाहीत.

पहिले खरे यश १९७० चे. इंग्लंडात हार्वेल येथील सायक्लोट्रॉनमध्ये ऑक्सिजनचे गाभे वेगाने कॅल्शियमवर सोडण्यात आले. जॅक्सन, सर्नी वगैरे मंडळींना कोबाल्ट-५३ मधून सुमारे १.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे प्रोटॉन येताना आढळले. त्यांचे अर्धायुष्य सेकंदाच्या चौथ्या भागाएवढे. अमेरिकेत बर्कलेला निराळ्या मार्गाने तेच कोबाल्ट बनवून त्याची खात्री करून घेण्यात आली. नेहमीच्या कोबाल्टात २७ प्रोटॉन व ३२ न्यूट्रॉन असतात; यात न्यूट्रॉन केवळ २६. पण येथेही एक 'पण' होता. प्रोटॉन येत होता तो कोबाल्टच्या तळपातळीवरून नव्हे, तर एका उत्तेजित आणि अडकून पडलेल्या स्थितीतून. ती स्थिती अतिशय जोराने गरगरणारी असते; त्या गरगरीमुळे प्रोटॉनापुढची भिंत आणखी उंच होते. म्हणून शंभरांतले अवघे एक-दोन गाभे प्रोटॉन टाकतात, बाकीचे पॉझिट्रॉनच्या वाटेने जातात. सापडला, पण चोरपावलांनी.

त्यानंतर अकरा वर्षे गेली. पश्चिम जर्मनीत डार्मस्टाट या गावी १९६९ मध्ये जड गाभ्यांच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन झाली होती. अतिजड नवी मूलद्रव्ये बनविण्यासाठी तेथे 'शिप' नावाचे चाळणयंत्र उभारण्यात आले. त्याचे काम असे. कोट्यवधी वेगवान गाभे लक्ष्यावर आदळतात. त्यांपैकी अगदी थोडे लक्ष्यातल्या गाभ्याशी एकजीव होऊन पुढे उडतात. एकजीव झालेला गाभा जड म्हणून मंद असतो, मूळ झोत हलका म्हणून वेगवान. विद्युत् आणि चुंबकीय बलांनी वेगानुसार दोघांना वेगळे करावयाचे, झोत बाजूला वळवावयाचा आणि नवा गाभा सिलिकॉनच्या शोधक पट्टीत रुतवावयाचा. हा सारा प्रवास सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत आटोपतो. १९८१ मध्ये सिगुर्ड हॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेल-५८ चा झोत रुथेनियम-९६ वर सोडला. दोघांचे मिळून ७२ प्रोटॉन आणि ८२ न्यूट्रॉन; एकजीव होताना एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन उडून जातात; उरते लुटेशियम-१५१. निसर्गातल्या नेहमीच्या लुटेशियमपेक्षा यात २४ न्यूट्रॉन कमी. पट्टीत रुतलेल्या या गाभ्यातून १.२३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे प्रोटॉन येऊ लागले. अर्धायुष्य सेकंदाच्या सुमारे बाराव्या भागाचे. तळपातळीवरून, स्वतःहून, एकटा. त्याच संस्थेतल्या दुसऱ्या तुकडीने निकेलचा झोत मॉलिब्डेनमवर सोडून थुलियम-१४७ मध्येही तेच पाहिले. दोन्ही निबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले.

वर्गात हे सांगितले तेव्हा टर्नरांना ऊर्जेच्या आकड्यांत रस वाटला नाही. त्यांनी विचारले, "ते रुथेनियमचं लक्ष्य केवढं जाड होतं?" हा प्रश्न आम्हांला फार आवडला. अशा प्रयोगांतले लक्ष्य म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ पापुद्रा. तो जाड झाला तर बनलेला गाभा त्यातच अडकून बसेल. पातळ ठेवला तर झोताच्या उष्णतेने जळून जाईल. म्हणून जोरदार झोत वापरावयाचा असेल तेथे असे पापुद्रे चाकाच्या कडेला बसवून चाक फिरते ठेवतात, म्हणजे एकाच जागी मार बसत नाही. पापुद्रा ओढणारा, चाक तोलणारा, निर्वात पंप सांभाळणारा, रात्रपाळीत झोत स्थिर ठेवणारा असे हे सारे काम आहे. प्रयोग दिवसेंदिवस अखंड चालतो आणि पाळ्या बदलत राहतात. विल्यम केच्या डोळ्यांची जागा आज सिलिकॉनने घेतली, म्हणून हातांची जागा कोणी घेतली असे नाही.

यानंतर काही वर्षे म्युनिकच्या मंडळींनी आयोडीन व सीझियम यांच्यात प्रोटॉन टिपले. पण खरी भरती आली ती १९९० नंतर. एडिंबरोच्या संशोधकांनी सिलिकॉनची एक नवी पट्टी वापरात आणली. तिच्या एका बाजूला उभ्या आणि दुसऱ्या बाजूला आडव्या रेघा, जणू बारीक विणीचे कापड. गाभा कोणत्या चौकटीत रुतला आणि त्याच चौकटीतून नंतर प्रोटॉन कोणत्या क्षणी निघाला, याची नोंद त्यामुळे बिनचूक होऊ लागली. इंग्लंडात डेअर्सबरी येथे या पट्टीने एकामागून एक नवे प्रोटॉन-उत्सर्जक सापडू लागले. आणि काम असे रंगात आले असतानाच, १९९३ मध्ये, डेअर्सबरीचे ते यंत्र बंद करण्यात आले!

आम्ही आयुष्यात टाळेबंदीच्या बऱ्याच नोटिसा वाचल्या आहेत. चालता कारखाना बंद होताना आत काय होते ते आम्हांला ठाऊक आहे. यंत्रे विकली जातात किंवा हलविली जातात आणि हातातले कसब घेऊन माणसे पांगतात. डेअर्सबरीचेही तसेच झाले. तेथले एक चाळणयंत्र समुद्रापार अमेरिकेत ओक रिजला गेले. एडिंबरोची मंडळी आपली पट्टी घेऊन शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत गेली. १९९६ मध्ये बिस्मथ-१८५ आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत इरिडियम, सोने, होल्मियम, युरोपियम यांचे प्रोटॉन-उत्सर्जक तेथे सापडले ते या पांगलेल्या माणसांच्या हातून. आणि ओक रिजची ती सोय तरी टिकली का? तीही २०१२ मध्ये बंद झाली. विज्ञानाचा इतिहास लिहिणारे शोधांची तारीख देतात. बंदीची तारीख कोणी फारशी देत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम दिली.

बंद होण्यापूर्वी ओक रिजने एक सुंदर गोष्ट दाखविली होती. लुटेशियम-१५१ चीच एक दुसरी स्थिती त्यांनी १९९९ मध्ये मोजली. तिची ऊर्जा जराशीच जास्त, पण तिच्यातला प्रोटॉन कमी जोराने फिरणारा. त्यामुळे त्याची भिंत ठेंगणी. पहिल्या स्थितीचे अर्धायुष्य सेकंदाच्या बाराव्या भागाचे. या दुसरीचे सेकंदाच्या दहा लाखांशाच्या सोळापट, म्हणजे पहिल्याच्या पाच हजारांश! गाभा एकच, प्रोटॉनही तसाच. फिरण्याची तऱ्हा निराळी. प्रोटॉन बाहेर पडताना आतली बसण्याची व्यवस्था कशी होती याची साक्ष अशी देऊन जातो. या नाजूक वस्तूंमागे शास्त्रज्ञ एवढे का लागतात ते यावरून कळते. गाभा गोल आहे, लांबट आहे की चपटा, हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतक्या सीमेजवळ विचारता येत नाही. काही ताऱ्यांच्या स्फोटांतही हायड्रोजनचे गाभे भराभर पकडत जड मूलद्रव्ये बनतात. त्या पकडण्याला आवर कोठे बसतो हे ही गळतीची सीमाच ठरविते. भाकरीच्या दृष्टीने याचा उपयोग काय, असे कोणी विचारील तर आम्ही सरळ सांगू की काही नाही.

आता गोल्डान्स्कींच्या जोडीकडे वळू. तिच्यासाठी हवा होता सम प्रोटॉनांचा, सीमेपलीकडचा गाभा. निवड झाली ती आपल्या रोजच्या लोखंडाची. नेहमीच्या लोखंडात २६ प्रोटॉन व ३० न्यूट्रॉन. हवे होते २६ व १९. लोह-४५! निकेलचे वेगवान गाभे लक्ष्यावर फोडून त्यांच्या असंख्य तुकड्यांतून हा एक तुकडा निवडावा लागतो. डार्मस्टाटला तो १९९६ मध्ये प्रथम दिसला. त्याचा शेवट कसा होतो हे फ्रान्समधील कां या गावी आणि डार्मस्टाटला अशा दोन तुकड्यांनी पाहिले. त्यांचे निबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा एकदम सुटत होती, पॉझिट्रॉनचा मागमूस नव्हता. दोन प्रोटॉनांचाच हिशेब त्याला लागू पडत होता. भाकिताला बेचाळीस वर्षे झाली होती. गोल्डान्स्की २००१ च्या जानेवारीत वारले.

तथापि हा निष्कर्ष ऊर्जेच्या बेरजेवरून काढलेला होता. दोघे प्रोटॉन वेगवेगळे कोणी पाहिले नव्हते. पट्टीत रुतलेल्या गाभ्यातून जे निघते ते पट्टीतच थांबते आणि एकच आकडा हाती येतो. वॉर्सा विद्यापीठातल्या पोलिश मंडळींनी यावर तोडगा काढला. गाभा घन पट्टीत न रुतविता वायूने भरलेल्या पेटीत थांबवावयाचा. काही मिलिसेकंदांनी त्यातून प्रोटॉन निघाले की ते वायूत आपली वाट उमटवितात. ती वाट विद्युत्‌बलाने प्रकाशमान करावयाची आणि चक्क कॅमेऱ्याने तिचे चित्र घ्यावयाचे. ही पेटी अमेरिकेत मिशिगनला नेण्यात आली आणि २००७ मध्ये ती चित्रे प्रसिद्ध झाली. काळ्या पार्श्वभूमीवर एका बिंदूतून निघालेल्या दोन उजळ रेघा. ते चित्र आम्ही छापून वर्गाच्या भिंतीवर लावले आहे. जोडी नेहमी हातात हात घालून निघते असेही नाही. दोघांमधला कोन कधी लहान, कधी मोठा असतो, आणि त्याची नीट फोड करण्यास दोघे प्रोटॉन व मागे उरलेला गाभा अशा तिघांचे गणित एकत्र मांडावे लागते. पण दोन रेघा आहेत, आणि त्या एकाच क्षणी निघालेल्या आहेत, याबद्दल शंका उरली नाही.

कथा संपलेली नाही. फिनलंडमध्ये युवास्क्युला या गावी हे काम आज जोरात आहे. १९८१ चीच निकेल-रुथेनियमची जोडी घेऊन, मात्र आणखी दोन न्यूट्रॉन उडवून, त्यांनी २०२२ मध्ये लुटेशियम-१४९ मोजले. प्रोटॉनाची ऊर्जा १.९ दशलक्ष, म्हणजे लुटेशियम-१५१ च्या सुमारे दीडपट. अर्धायुष्य सेकंदाच्या एक अब्जांशाच्या अवघे ४५० पट! ऊर्जा दीडपट झाली आणि आयुष्य पावणेदोन लाख पटींनी घटले. गॅमोचा बोगदा याहून ठसठशीत कोठे दिसावा? १९७० च्या त्या पहिल्या कोबाल्टचेही पुन्हा मोजमाप झाले आणि २०२३ मध्ये त्यातून निघणारी प्रोटॉनांची दुसरी, अधिकच दुर्मिळ वाट जाहीर झाली. त्रेपन्न वर्षे ती नजरेआड राहिली होती.

आणि २०२५ मध्ये त्याच फिनलंडच्या प्रयोगशाळेत स्ट्रॉन्शियमचा झोत चांदीवर सोडून ॲस्टॅटिन-१८८ बनविण्यात आले. ८५ प्रोटॉन, १०३ न्यूट्रॉन. आजवरचा सर्वांत जड प्रोटॉन-उत्सर्जक तो हाच. त्यापूर्वीचा मान १९९६ पासून बिस्मथ-१८५ कडे होता. या निबंधाच्या लेखिका हेन्ना कोक्कोनेन तेव्हा डॉक्टरेटचे काम करीत होत्या. हा गाभा कलिंगडासारखा लांबट असावा असे त्यांच्या तुकडीचे अनुमान आहे. हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा टर्नर निवृत्त झालेले होते, तरी रविवारी येऊन बसले होते. त्यांनी चांदीच्या पापुद्र्याची जाडी विचारली.